आधी मादी, मग नर

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये एप्रिलच्या दुसऱ्या सोमवारी संध्याकाळी राज्यातल्या ७२ काउंट्यांत एकाच वेळी सभा भरतात. अनेक ठिकाणी शाळेत. विषय ठरलेला: पुढच्या हंगामात शिकारीचे आणि मासेमारीचे नियम काय असावेत. १९३४ पासून चालत आलेली ही पद्धत आहे. कुणीही रहिवासी जाऊ शकतो, प्रश्नावलीवर हो-नाही करू शकतो, माइकपुढे उभं राहून बोलू शकतो. मत सल्ल्यापुरतं असतं, पण राज्याचं नैसर्गिक साधनसंपत्ती खातं आणि आमदार, दोघंही ते कान देऊन ऐकतात. या सभांत मी अनेकदा बोललो आणि त्यातलं बरंच चुकीचं बोललो. काही अज्ञानापोटी, काही हट्टापायी, आणि एक गोष्ट तर खोटी सांगितली. त्या खोट्याबद्दल मला लिहायचं आहे, आणि त्याच वाटेवर पुढे झालेल्या एका जास्त गंभीर चुकीबद्दलही.

मी मूळचा सावंतवाडीकडचा. आजोबांकडे परवान्याची बंदूक होती, गावच्या पारधीला ते डुकरामागे जात. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि आमच्या घरातली शिकार संपली. ते योग्यच झालं असं मला तेव्हाही वाटे, आजही वाटतं. त्यामुळे विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनजवळ दूधसंकलनाच्या यंत्रांच्या कामावर आलो आणि एका सहकाऱ्याने हातात धनुष्य दिलं, तेव्हा घरी कुणाला पटेना. पण इथली गोष्ट वेगळी आहे. पांढऱ्या शेपटीची हरणं एकट्या या राज्यात दहा लाखांहून जास्त आहेत. मका, सोयाबीन, सफरचंदाच्या बागा, जंगलातली ओकची रोपं, सगळं ती फस्त करतात. लांडगे उत्तरेला थोडे, दक्षिणेत जवळजवळ नाहीतच. माणसाने शिकार थांबवली तर कळप आवरायला दुसरं कुणी नाही.

बंदुकीचा मुख्य हंगाम नऊ दिवसांचा, थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यातला. तेव्हा रानात भगवी जाकिटंच जाकिटं दिसतात. धनुष्याचा हंगाम मात्र सप्टेंबरच्या मध्याला सुरू होतो तो जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालतो. ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा आमचा. बाणाने शिकार करायची तर हरीण वीसेक पावलांवर यावं लागतं, म्हणजे मचाणावर तासन्‌तास न हलता बसावं लागतं आणि वारा आपल्या तोंडावर आहे ना, ते पाहावं लागतं. इथे धनुर्धारींना स्वतंत्र हंगाम पहिल्यांदा १९३४ मध्येच मिळाला, तोही फक्त सॉक आणि कोलंबिया या दोन काउंट्यांत. वन्यजीवशास्त्रज्ञ ऑल्डो लिओपोल्ड याच भागात राहत. ते स्वतः धनुष्यं बनवत आणि त्यांनी शिकारही केली. हा वारसा आम्ही फार अभिमानाने सांगतो. नियमात काहीही बदल होणार म्हटलं, की आमचा पहिला प्रश्न असतो: आमच्या ऑक्टोबरचं काय? हरणांचं काय होईल हा प्रश्न मी तरी बरीच वर्षं विचारला नाही.

फेब्रुवारी २००२ मध्ये बातमी आली. आदल्या नोव्हेंबरात माउंट होरेब गावाजवळ मारलेल्या तीन हरणांत सीडब्ल्यूडी सापडला होता. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, म्हणजे हरणांच्या मेंदूला भोकं पाडणारा, हळूहळू झिजवून मारणारा रोग. तो ना जंतूने होतो ना विषाणूने. वाकडी घडी पडलेलं एक प्रथिन, प्रिऑन, शेजारच्या प्रथिनांनाही वाकवत जातं. लाळेतून, मूत्रातून, लेंड्यांतून ते मातीत उतरतं आणि तिथे वर्षानुवर्षं टिकतं. लागण झालेलं हरीण वर्ष-दीड वर्ष धडधाकट दिसतं, आणि तेवढा काळ रोग पसरवत हिंडतं. यावर औषध नाही, लस नाही. उपाय एकच दिसत होता: हरणांची गर्दी कमी करायची. त्यासाठी माद्या मारायला हव्यात, कारण कळप वाढतो तो माद्यांमुळे.

म्हणून आमच्या भागात ‘अर्न अ बक’ हा नियम आला. तो राज्यात काही ठिकाणी १९९६ मध्येच वापरून झाला होता. आधी एक मादी किंवा बिनशिंगाचं पिल्लू मारायचं, नोंदणी केंद्रावर नेऊन दाखवायचं, मगच शिंगांच्या नराला हात लावायची परवानगी. आमच्या लोकांना हा नियम डोळ्यांसमोर नको होता. बंदूकवाल्यांना नऊ दिवसांत दहा हरणं दिसतात, त्यातली एक मादी पाडायला त्यांना कितीसा वेळ? धनुर्धारीच्या वाट्याला मात्र मोठा नर कदाचित हंगामात एकदाच येतो, माजाच्या दिवसांत, माद्यांच्या वासावर भान हरपून. त्या क्षणी मादीचं खातं कोरं असेल तर बसून बघायचं. माझ्यासमोरून असा एक नर गेला. दहा टोकांची शिंगं, मान माजाने फुगलेली, श्वासाची वाफ दिसत होती. मचाणाखालून चालत गेला आणि मी हात मांडीवर ठेवून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्याच मचाणावर होतो, आणि मला काहीही करून मादी हवी होती. उजेड संपत आला होता. एक मादी रानाच्या कडेला आली, पण अंतर माझ्या सरावापलीकडचं, पंचेचाळीस यार्डांच्या आसपास. मी वीस-पंचवीसवर सराव करणारा माणूस. शिवाय ती सरळ आडवी नव्हती, थोडी माझ्याकडे वळलेली. अशा कोनात बाण सोडायचा नाही हे धनुर्धारींच्या प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी शिकवतात. बाण गोळीसारखा धक्का देऊन मारत नाही. पात्याने शिरा कापल्या जातात, रक्तस्राव होतो, त्याने प्राण जातो. फुप्फुसं आणि हृदय यांतून पातं गेलं तर काही सेकंदांचा खेळ, नाहीतर तासांचा. मी बाण सोडला. आवाज आला तो भरल्या गोणीवर काठी मारल्यासारखा, आणि मादी पाठ कमानीसारखी करून निघाली.

खाली उतरून बाण शोधला. त्यावर रक्त कमी आणि हिरवट-तपकिरी ओल जास्त होती. वास घेतला आणि कळलं: पोटात लागलाय. अशा वेळी काय करायचं हेही मला पाठ होतं. मागे फिरायचं, घरी जायचं, आठ ते बारा तास तिकडे फिरकायचं नाही. जखमी हरीण जवळच बसतं. त्याला उठवलं नाही तर तिथेच मरतं आणि सापडतं. उठवलं तर जीव घेऊन मैलभर पळतं आणि रक्ताचा मागही उरत नाही. मी अर्धा तासही थांबलो नाही. मनात एकच: आज रात्री नोंदणी झाली तर उद्या पहाटे तो नर माझा. टॉर्च घेऊन मागे गेलो. झुडपातून ती उठल्याचा आवाज आला, मग ओढ्याच्या पाण्याचा, मग काही नाही. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी शोधलं. ती मिळाली नाही.

पुढच्या एप्रिलच्या सभेत मी माइकपुढे उभा राहिलो आणि हीच हकीकत सांगितली. मात्र तिच्यातली तीन वाक्यं बदलली. अंतर तीसच्या खाली आणलं, मादी आडवी उभी केली, आणि पहाटेपर्यंत थांबलो असं म्हणालो. मग म्हणालो, ‘हा नियम चांगल्या शिकाऱ्यांना घाई करायला लावतो. हरणं जखमी होऊन रानात कुजतात, त्याला हा नियम जबाबदार आहे.’ टाळ्या पडल्या. बाहेर पार्किंगमध्ये लोकांनी पाठ थोपटली. नंतर दोन-तीन ठिकाणी दुसऱ्यांच्या तोंडून ती गोष्ट ऐकली, ‘एका चांगल्या धनुर्धारीची’ म्हणून. मीही ती पुन्हा सांगत राहिलो, इतकी की पंचेचाळीस यार्डांचं अंतर मलाच आठवेनासं झालं.

२०११ मध्ये विधिमंडळाने कायदा करून ‘अर्न अ बक’ लावण्याचा खात्याचा अधिकारच काढून घेतला. माझ्या एकट्याच्या बोलण्याने ते झालं असं मी समजत नाही. राज्यभर संताप होता. पण त्या संतापात माझं खोटंही होतं. त्या शरद ऋतूत आम्ही जल्लोष केला. कळपात माद्या वाढल्या, रोगही वाढत गेला. आज आयोवा, सॉक, डेन, रिचलंड या काउंट्यांतल्या काही भागांत तपासलेल्या प्रौढ नरांपैकी तिघांत एकाहून जास्त बाधित निघतात. हे सगळं एका नियमाच्या जाण्याने झालं असं कुठलाही जीवशास्त्रज्ञ म्हणणार नाही. पण माद्या कमी करण्याचं तेवढं परिणामकारक हत्यार दुसरं नव्हतं, हे त्या वेळीही माहीत होतं. माहीत असून आम्ही ते मोडलं.

इथे हा वाद नवा नाही. १९४३ मध्ये लिओपोल्ड यांनी माद्यांची शिकार खुली करण्याची बाजू घेतली. हिवाळ्यात हरणं उपाशी मरत होती, झाडांचे शेंडे खाऊन संपले होते. लोक त्यांच्यावर तुटून पडले, त्या हंगामाला ‘४३चा गुन्हा’ म्हणू लागले. ज्यांचा वारसा मी सभेत मिरवत होतो, त्यांच्या विरुद्ध बाजूला मी उभा होतो, आणि हे मला कुणी दाखवूनही दिलं नाही, कारण आसपासचे सगळे माझ्याच बाजूचे होते.

माहीत असून केलेली आणखी एक गोष्ट, क्षाराच्या ढेपेची, थोडक्यात सांगतो. रोग आल्यावर आमच्या काउंटीत आमिष घालण्यावर बंदी आली, कारण एका जागी तोंडं भिडली की लाळेतून लागण होते. मी मका टाकणं बंद केलं, पण शेताच्या बांधामागे क्षाराची ढेप ठेवत राहिलो. मीठ म्हणजे काही खाणं नव्हे, असं स्वतःला समजावून. कॅमेऱ्यात एका रात्री एक नर आला: बरगड्या वर आलेल्या, मान खाली, हनुवटीवरून लाळेची तार. तो गेल्यावर तासाभरात दोन पाडसं तीच जागा चाटत होती. ढेप काढली, पण तोवर तिथली माती खणून खड्डा झाला होता. हरणं आजही तिथे येऊन माती चाटतात.

सभेत मी पुन्हा बोललो तो क्रॉसबोच्या वादात. २०१४च्या हंगामापासून या राज्यात सर्वांना क्रॉसबो वापरायची मुभा मिळाली, तीही धनुष्याच्या संपूर्ण हंगामभर. त्याआधी ती पासष्टच्या पुढच्यांना आणि डॉक्टरचा दाखला असलेल्यांना होती. कायदा होण्याआधीच्या सभेत मी म्हणालो, की क्रॉसबो म्हणजे बंदुकीचा भाऊ. दोरी एकदा ओढून अडकवली की ताण धरून बसायला नको, दुर्बिणीतून नेम धरा, घोडा ओढा. यात कसब कुठे? हे म्हणताना माझ्या हातात होतं कंपाउंड धनुष्य. त्याला कप्प्या असतात, पूर्ण ताणल्यावर पाचवा हिस्सा भारच हातावर उरतो. मीही नेमाच्या पिना लावतो, अंतर यंत्राने मोजतो, दोरी कळ दाबून सोडतो. या धनुष्याचं पेटंट १९६९ मध्ये मिळालं तेव्हा लाकडी धनुष्यवाले हेच म्हणत होते, ‘हे धनुष्यच नव्हे.’ मला तो इतिहास माहीत होता. सोयीचा नव्हता म्हणून मी त्याला हात लावला नाही.

सभेत दोन रांगा मागे ज्यांच्या रानात मी शिकार करतो ते शेतकरी बसले होते. पन्नाशीचे, आयुष्यभर गाई पिळून आणि गवताच्या गठड्या उचलून उजवा खांदा निकामी झालेला. त्यांना अपंगत्वाचा दाखला घ्यायला लाज वाटत होती, म्हणून दोन-तीन हंगाम ते रानात गेलेच नव्हते. सभा संपल्यावर ते एवढंच म्हणाले, ‘तू चांगलं बोलतोस.’ रागाने म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं. कायदा झाल्यावर त्यांनी क्रॉसबो घेतला, त्यांची शाळकरी मुलगीही त्यांच्याबरोबर जाऊ लागली. मला रानात यायची परवानगी त्यांनी कधी काढून घेतली नाही.

क्रॉसबोबद्दलच्या सगळ्याच तक्रारी खोट्या आहेत असं मी म्हणणार नाही. काही वर्षांतच क्रॉसबोने मारलेल्या हरणांचा आकडा साध्या धनुष्याच्या पुढे गेला. मोठे नर बंदुकीच्या हंगामाआधीच संपतात, अशी बंदूकवाल्यांची ओरड असते. माजाच्या दिवसांत क्रॉसबो बंद ठेवावा, असे प्रस्तावही येतात. पण आमच्या रोगट काउंट्यांत हरणं जास्त मारली जाणं हवंच आहे. इथे तो प्रस्ताव मांडणारा माणूस कळपाबद्दल बोलत नसतो, मचाणावरच्या एकांताबद्दल बोलत असतो. मी तेच करत होतो.

आता ती दुसरी चूक.

मांसाची तपासणी इथे फुकट आहे. हरणाचं डोकं चारपाच इंच मानेसकट कापायचं, शिंगं काढून घ्यायची, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रस्त्याकडेच्या पेटीत टाकायचं. सोबत कार्ड भरायचं, कुठे मारलं, कधी मारलं. बारकोडची पावती आपल्याकडे राहते. घशामागच्या लसिकाग्रंथी काढून प्रयोगशाळेत बघतात आणि दहा-पंधरा दिवसांत निकाल येतो. सक्ती मात्र नाही. माणसाला हा रोग झाल्याचं आजवर एकही सिद्ध झालेलं उदाहरण नाही, पण बाधित हरणाचं मांस खाऊ नका असं अमेरिकेचं रोगनियंत्रण केंद्र सांगतं. शिजवून प्रिऑन मरत नाही.

मी हे सभांमध्ये लोकांना सांगत असे. स्वतः मात्र डोकं पेटीत टाकत नव्हतो. माझी हरणं धष्टपुष्ट दिसत, एवढाच आधार. मांस आमच्या ओळखीच्या चार मराठी घरांत जायचं. हरणाच्या मांसाला चरबी नसते, म्हणून खिमा करताना थोडी मटणाची चरबी घालायची, भाजलेल्या कांदाखोबऱ्याचं वाटण, मालवणी मसाला. दिवाळीनंतरच्या जेवणात त्याची वाट बघितली जायची. सावंतवाडीहून आलेल्या माणसाला मॅडिसनमध्ये अशी ओळख मिळणं सुखाचं होतं. त्या ओळखीसाठीच मी पंधरा दिवस थांबायला तयार नसे.

एका वर्षी, त्या शेतकऱ्यांच्या मुलीने आग्रह केला म्हणून, एका नराचं डोकं पेटीत टाकलं. मांस मात्र त्याच आठवड्यात वाटून टाकलं. निकाल आला: बाधित.

पहिला फोन एका जवळच्या मित्राच्या घरी केला. वहिनींनी उचलला. मी म्हणालो, ‘पाकिटांचं सील नीट बसलेलं नाही, खराब व्हायची शक्यता आहे, उरलेलं टाकून द्या.’ बाकीच्या तिन्ही घरी हेच सांगितलं. चार दिवस तसेच गेले. रात्री झोप लागेना, म्हणून शेवटी मित्राच्या घरी गेलो आणि खरं काय ते सांगितलं. वहिनी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘भाऊजी, मुलांनी तो खिमा खाल्लाय. सीलचं सांगितलंत म्हणून मी निश्चिंत होते. तुम्हाला आम्हाला खरं सांगावंसं वाटलं नाही?’ मी गप्प. त्यांनीच पुढे विचारलं, ‘आणि आधीच्या वर्षीची? ती तपासली होतीत ना?’

नाही, म्हणालो. एकदाही नाही.

धोका फार कमी आहे, हे मी त्यांना सांगू शकलो असतो, आणि ते खरंही आहे. पण तो धोका पत्करायचा की नाही, हे ठरवायचा हक्क त्यांचा होता आणि मी तो परस्पर वापरून मोकळा झालो होतो. मुलं मोठी झाली आहेत, ठणठणीत आहेत. आमचं जाणं-येणं टिकलं. त्या घरी मी पुन्हा मांस नेलेलं नाही, त्यांनीही कधी मागितलं नाही. आता माझ्या फ्रीजरमधल्या प्रत्येक पाकिटावर बारकोडचा क्रमांक असतो आणि निकाल येईपर्यंत त्याला कुणी हात लावत नाही. हाडं पूर्वी मी रानातच टाकायचो, ती आता पिशवीत बांधून मान्यताप्राप्त कचराभूमीत जातात.

माझ्या तक्रारी संपलेल्या नाहीत. २०१५ पासून हरणाची नोंदणी फोनवर किंवा संगणकावर होते. पूर्वी मारलेलं हरीण गाडीत घालून केंद्रावर न्यावं लागे, तिथे कुणीतरी जबडा उघडून दातांवरून वय बघे, आणि ‘ग्रंथी काढून घेऊ का?’ असं विचारे. तो प्रश्न प्रत्येक शिकाऱ्याला विचारला जाणं मोलाचं होतं. सोयीपायी आपण ते घालवलं, आणि त्या बदलाला धनुर्धारींनी फारसा विरोध केला नाही, कारण त्याने आपली गैरसोय होत नव्हती. रोगट काउंट्यांत तपासणी सक्तीची करावी असं माझं मत आहे. ‘आधी मादी, मग नर’ तिथे परत यावं असंही मत आहे, पण त्यासाठी कायदाच बदलावा लागेल. हरणांची संख्या ठरवणारे नियम आमदारांनी कायद्यात गोठवू नयेत. मागच्या हंगामात काय घडलं ते पाहून ते बदलता यायला हवेत.

२०१४ पासून प्रत्येक काउंटीत हरणांसाठी वेगळी सल्लागार समिती आहे. तिच्या एका बैठकीत मी वेळ मागून घेतला. त्या मादीची हकीकत पुन्हा सांगितली, या वेळी पंचेचाळीस यार्डांची, तिरप्या कोनाची, अर्ध्या तासाची. माझं पूर्वीचं निवेदन खोटं होतं, नियमाने मला घाई करायला लावलं नव्हतं, हे नोंदवून घ्या असं म्हणालो. समोर बसलेल्यांपैकी दोघंतिघंच तेव्हाच्या सभेला होते. एकाने मान हलवली. अध्यक्षांनी नोंद घेतली, आभार मानले आणि पुढचा विषय काढला: यंदा काउंटीत माद्यांचे किती परवाने द्यायचे. मी वाढवा म्हणालो. माझ्यानंतर एक तरुण धनुर्धारी उठला आणि पोटतिडकीने म्हणाला, की माद्या आधीच दिसेनाशा झाल्यात, परवाने निम्मे करा. दोन्ही बाजूंनी बरंच बोलणं झालं. बैठक संपल्यावर मी त्याला गाठलं आणि तो कुठल्या रानात बसतो, तिथली हरणं त्याने तपासली आहेत का, ते विचारलं. त्याने एकदाही तपासलेली नव्हती. पेटी कुठे आहे ते मी त्याला सांगितलं.